गुरुजींच्या गाडीतला कट्टा

टेंभरे गुरुजींसमोर 'अंदाजे' हा शब्द काढायची सोय नव्हती. पोरांनी एकमेकांना शिव्या दिल्या तर ते एक वेळ कानाडोळा करत, पण गणिताच्या तासाला कोणी 'अंदाजे' म्हटलं की खडू खाली ठेवत, चष्मा काढत आणि त्या पोराकडे असं बघत, जणू त्यानं वर्गात विडी पेटवली. एकदा मी शाळेच्या मैदानाची लांबी 'अंदाजे शंभर मीटर' सांगितली. त्यांनी माझ्या हातात फूटपट्टी दिली आणि मैदान मोजून यायला सांगितलं. टेप नाही, फूटपट्टी. मी भर उन्हात वाकून वाकून मोजत होतो आणि ते मधून मधून खिडकीतून डोकावत होते. परत येऊन आकडा सांगितला तेव्हा म्हणाले, "हा आकडा आता तुझा झाला. मघाचा कोणाचाच नव्हता." माझी कंबर धरली होती, त्यामुळे त्या वेळी मला त्यात काही मोठं वाटलं नाही.

त्यांचं दुसरं वेड पॅन्टचं. आमच्या वेळी तंग पॅन्टची फॅशन निघाली होती आणि गुरुजी प्रार्थनेला खिशात लिंबू घेऊन उभे राहत. ज्याच्यावर संशय त्याच्या कमरेतून लिंबू आत सोडायचं. घरंगळत पायाशी आलं तर ठीक, मध्ये अडकलं तर स्वारी घरी. "ज्याची पॅन्ट लिंबू अडवते त्याचं डोकं अक्कल अडवते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते स्वतः एवढी ढगळ पॅन्ट घालत की तिच्यातून नारळसुद्धा खाली आला असता. नटणं, मिरवणं, चार लोकांनी वळून पाहावं असं काही करणं, या साऱ्याचा त्यांना मनापासून तिटकारा होता.

तर असा हा माणूस निवृत्तीनंतर काही वर्षांनी मुर्री रोडवरच्या माझ्या दुकानात आला आणि गाडी लोअर करून दे म्हणाला.

माझं चाकांच्या अलाइनमेंटचं दुकान आहे. गणितात मी काही दिवे लावले नाहीत, पण कोन मोजूनच पोट भरतो, हे गुरुजींना फार आवडायचं. दुकानात गाड्या लोअर करून घ्यायलाही पोट्टे येतात. राइस मिलवाल्यांच्या मुलांना गाडी जमिनीला चिकटलेली लागते. मूळच्या स्प्रिंगा काढायच्या, आखूड टाकायच्या, की गाडी खाली बसते. दिसायला झकास, पण नंतर ती टायर खाते. गाडी खाली बसली की चाकं वरून आत झुकतात, त्यांची तोंडंही थोडी फिरतात, आणि टायर सपाट न चालता एका कडेनं घासत जातो. वरून नवा दिसणारा टायर आतल्या कडेनं तारेपर्यंत गेलेला असतो. तो रस्त्यात कधी फुटेल ते सांगता येत नाही. हे मी सगळ्यांना सांगतो आणि कोणीही ऐकत नाही.

गुरुजी भर दुपारी, दुकानात कोणी नसताना आले होते. आधी बराच वेळ भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभे राहिले. त्यांची गाडी पुण्याच्या मुलानं घेऊन दिलेली, उंच, चौकोनी. मला वाटलं हवा भरायची असेल. मग त्यांनी भिंतीकडेच तोंड ठेवून सांगितलं, गाडी खाली घेऊन पाहिजे. मी हसलो. त्यांचे कान लाल झालेले दिसले तेव्हा थांबलो.

कारण होतं सिस्टरबाईंचं. सिस्टरबाई म्हणजे गुरुजींच्या पत्नी. नाव कोणाला फारसं माहीत नाही, सारा भाग सिस्टरबाईच म्हणतो. दरेकसाकडच्या जंगलपट्टीत त्या वर्षानुवर्षं नर्स होत्या. रेल्वेतून उतरायचं आणि पुढं पायी, ओढे ओलांडत, डोंगर चढत. खांद्यावर पिशवी, पिशवीत बाळाचं वजन करायचा स्प्रिंगचा काटा आणि कापडाची झोळी. झाडाच्या फांदीला काटा टांगायचा, झोळीत बाळ ठेवायचं, आकडा मोठ्यानं सांगायचा. त्या भागातल्या कितीतरी माणसांचं पहिलं वजन त्यांनी केलेलं. अंगानं भरीव, आवाजानं त्याहून भरीव. गुरुजी शाळेत वाघ, पण घरात त्यांचं काय चालत असेल याबद्दल आम्हा पोरांना शंका होती.

आता सिस्टरबाईंचा खुबा आणि गुडघे गेले होते. पाय उचलून उंच गाडीत ठेवता येत नव्हता. तरी त्यांना गाडीनं त्या गावांत जायचं असायचं, कारण त्यांच्या हातच्या पोरींना आता पोरं होत होती आणि प्रत्येक बारशाला सिस्टरबाई पाहिजेच असत. अशाच एका बारशाहून निघताना त्या गाडीपाशी अडकल्या. कोणी पाट आणला, कोणी स्टूल आणलं, शेवटी दोघांनी काखेत हात घालून त्यांना उचललं आणि आत बसवलं. साऱ्या गावासमोर. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "कट्ट्यासारखं उचललं मले." आमच्याकडे तांदळाच्या पोत्याला कट्टा म्हणतात. त्या दिवसापासून त्यांनी बाहेर जाणं बंद केलं. कोणाचं बोलावणं आलं की अंग दुखून राहिलं म्हणून सांगत.

"ती वर चढत नाही," गुरुजी मला म्हणाले, "तं गाडीनं खाली यावं. पण कारण कोणाले सांगायचं नाही. तिनं शपथ घातली आहे."

मी त्यांना सांगितलं की हे कायद्यात बसत नाही. ते त्यांना माहीत होतं आणि त्याचीही लाज त्यांच्या चेहऱ्यावर होती, कारण शाळेच्या फाटकातून सायकलवर बसून आत येणाऱ्यालाही ते उतरवत. मी टायरचं सांगितलं. यावर मात्र ते खुर्ची ओढून बसले. टायर फुटला, गाडी जंगलात अडकली, तिला लोकांनी उचलून दुसऱ्या गाडीत घातलं, तर परत ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही. तेव्हा टायर सारखा झिजला पाहिजे, एवढी एकच गोष्ट त्यांना पाहिजे होती. "काय काय करावं लागते, सारं सांग. आणि अंदाजे काही सांगू नको."

मी जे माहीत होतं ते सांगितलं. जुन्या स्प्रिंगा कापायच्या नाहीत, मापाच्या नव्या टाकायच्या, आणि हौस म्हणून नाही, पाय ठेवता येईल एवढंच खाली घ्यायचं. झुकलेली चाकं सरळ करायला वेगळे बोल्ट येतात, ते बसवायचे. चाकांची तोंडं जुळवायची, कारण टायर जास्त खाते ती तोंडांची चूक. स्प्रिंगा काही आठवड्यांत अजून थोड्या बसतात, मग सारं पुन्हा मोजायचं. हवा नेमानं तपासायची, टायर पुढचे मागे करत राहायचे. आणि मोजताना गाडीत रोजचं वजन पाहिजे, कारण कमी-जास्त वजनानं गाडी वर-खाली होते आणि चाकं फिरतात. उंच गाडीत हे चालून जातं, आखूड स्प्रिंगांवर चालत नाही. शेवटचं हे वाक्य मी का बोललो, असं मला पुढं कित्येकदा वाटलं.

गाडी खाली आली. सिस्टरबाई पहिल्यांदा बसल्या तेव्हा मी नव्हतो, पण गुरुजींनी येऊन सांगितलं की तिनं पाय नुसता आत सरकवला, खुर्चीत बसावं तशी बसली आणि म्हणाली, चला. लगेच त्यांनी विषय बदलून नटबोल्टांची चौकशी सुरू केली.

त्यानंतर गुरुजींनी माझा जो पिच्छा पुरवला, त्याला तोड नाही. माझ्याकडे मशीन आहे, पडद्यावर आकडे येतात. त्यांचा मशीनवर विश्वास नव्हता. शाळेतून निवृत्त होताना त्यांनी फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक मागून घेतला होता, तो घेऊन येत. गवंड्याचा ओळंबा आणत, मडगार्डवरून सोडत आणि चाकाची वरची कड दोऱ्यापासून किती, खालची किती, ते डोळा बारीक करून बघत. घरच्या अंगणात त्यांनी चार चाकांच्या खुणा रंगवून ठेवल्या होत्या, गाडी त्यावरच उभी करत. चारही बाजूंना दोरी ताणलेली. एकदा शेजारणीनं तिच्यावर चादर वाळत घातली तेव्हा त्यांनी तिला समांतर रेषांवर अर्धा तास ऐकवलं असं म्हणतात. दुकानात मोजून झालं की, गाडी हलवायच्या आधी, टायर आणि मडगार्डच्या फटीत बोटं घालून बघायची त्यांना सवयच लागली. दोन बोटं गेली की मान हलवायची आणि पुढं निघायचं.

मशीनवर मोजताना ते स्वतः स्टिअरिंगवर बसून राहत. पाठ ताठ, हात मांडीवर. कोणी काही विचारायला गेलं तर म्हणत, "मी सध्या वजन आहो. माझ्याशी बोलू नका."

आणि त्यांच्या डाव्या बाजूला, सिस्टरबाईंच्या जागेवर, कट्टा. गळ्यापर्यंत भरलेला तांदळाचा कट्टा, त्याला सीटबेल्ट लावलेला, कारण बेल्ट लावला नाही तर गाडी ओरडते. सिस्टरबाईंना असं मशीनवर बसवून ठेवणं शक्यच नव्हतं, आणि त्यांचं वजन त्यांना विचारणं त्याहून शक्य नव्हतं. नवऱ्यानं बायकोला वजन विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. गुरुजींनी ते मनातल्या मनात ठरवलं आणि तेवढा तांदूळ भरून आणला. पण घरी तो कट्टा नेत नसत. "कट्ट्यासारखं उचललं" म्हणणाऱ्या बाईला तिच्या जागी खरोखरचा कट्टा बसतो हे कळलं तर काय होईल, या धाकानं तो कायम माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात असे. मी त्याला उंदीर लागू नये म्हणून टेबलावर ठेवत असे.

गावात व्हायचं ते झालं. लिंबूवाले टेंभरे गुरुजी लोअर केलेली गाडी चालवतात, ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. म्हातारा तरणा झाला, पेन्शन चढली, पुण्याच्या पोरानं बिघडवला, वाट्टेल ते. गुरुजी बाजारातून जायचं सोडून मागच्या गल्ल्यांनी जाऊ लागले. कुठं गेले तरी गाडी लांब, भिंतीआड लावू लागले. ओळखीचा कोणी दिसला की काचा वर.

एकदा ते दुकानात असताना बंटी आला. बंटी माझं नेहमीचं गिऱ्हाईक, गुरुजींचा जुना विद्यार्थी, लिंबू अडकून घरी गेलेल्यांपैकी. त्याची स्वतःची गाडी गुरुजींच्या गाडीपेक्षा खाली. तो सरळ समोरच्या चहाच्या ठेल्यावर गेला, एक लिंबू घेऊन आला आणि गुरुजींच्या गाडीखाली एका बाजूनं सोडलं. लिंबू तसं आरामात पलीकडे जाण्यासारखं होतं, पण ते मधल्या खड्ड्यात जाऊन थांबलं. "गुरुजी, अटकलं जी," बंटी म्हणाला. "आता कोणाले घरी पाठवायचं?"

ठेल्यावरची माणसं पोट धरून हसली. मीही हसलो. न हसतो तर का हसत नाही हे सांगावं लागलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालतो, पण खरं म्हणजे मला हसू आलंच होतं. गुरुजी स्टिअरिंगवर वजन होऊन बसले होते. ते समोरच बघत राहिले. फक्त कान लाल झाले. दोन शब्दांत ते सगळ्यांची तोंडं बंद करू शकले असते. मोजून झाल्यावर त्यांनी कट्ट्याचा बेल्ट काढला, आम्ही दोघांनी कट्टा उचलून माझ्या टेबलावर ठेवला आणि ते मागच्या गल्लीनं निघून गेले.

एवढं सारं करूनही डावीकडचा पुढचा टायर कडेनं झिजतच होता. उजवा ठीक, डावा खाल्लेला. मशीनवर आकडे बरोबर, कट्टा बसवून ओळंब्यावरही बरोबर. गुरुजींना झोप येईनाशी झाली. बोल्ट पुन्हा बसवले, स्प्रिंग बदलून पाहिली, टायर बदलून पाहिला. नवा टायरही त्याच वाटेनं जाऊ लागला. अंगणात ते तासन्‌तास गाडीखाली पडून राहत. "गणित बरोबर आहे आणि उत्तर चूक येऊन राहिलं," असं मला म्हणाले. "म्हणजे दिलेल्या माहितीत चूक आहे." मी म्हटलं रस्त्यामुळे असेल. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

मग तो दिवस आला. ते दोघं दरेकसाकडे बारशाला निघाले होते आणि वाटेत चाकातून आवाज यायला लागला म्हणून गाडी दुकानात आणली. सिस्टरबाई आत होत्या. दुकानात त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. अंगात स्वेटर, वरून शाल, थंडी काही एवढी नव्हती. मी नमस्कार केला. मला त्यांना पाहून वर्ष झालं असेल. चेहरा लहान झाला होता, पण म्हातारपणी होतो तसा, असं मला वाटलं. बंटी तिथेच होता, त्याला त्यांनी बरोबर ओळखलं. "तू तं पायानं आला होता रे," काच खाली करून त्या म्हणाल्या. "मायले तुह्या रातभर रडवलं. अजून उलटाच आहेस का?" बंटी लाजून गाडीमागे गेला. आवाज मात्र तोच होता, भरीव.

आवाजाचं कारण किरकोळ निघालं, चाकात दगड अडकला होता. मी तो काढला. गुरुजी सवयीनं प्रत्येक चाकाच्या फटीत बोटं घालत गाडीभोवती फिरले. उजवीकडे दोन बोटं गेली. डावीकडे आले, सिस्टरबाईंच्या बाजूला. दोन बोटं गेली आणि वर जागा उरली. त्यांनी तिसरं बोट घातलं. तेही गेलं.

ते वाकलेलेच राहिले. मग त्यांनी खिशातून ओळंबा काढला, मडगार्डवरून सोडला, बघितलं. गाडी डावीकडे वर होती. माझ्या टेबलावरच्या कट्ट्यानं ती जेवढी खाली बसायची तेवढी खाली बसलीच नव्हती. ओळंबा हलायचा थांबला तरी ते बघत राहिले. नंतर मान वर करून त्यांनी काचेतून बायकोकडे पाहिलं. शालीकडे, स्वेटरच्या बाहीतून निघालेल्या मनगटाकडे. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण मोजायच्या वस्तूकडे बघावं तसं त्यांनी माणसाकडे पाहिलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"कट्टा जास्त झाला, दिनेश," ते मला म्हणाले.

"कोणता कट्टा?" सिस्टरबाईंनी विचारलं.

गुरुजी ओळंबा गुंडाळायला लागले. बाईंनी दुकानात नजर फिरवली. टेबलावर तो ठेवलेला होता, आणि सीटबेल्टचा काळा पट्टा दर मोजणीला बसून बसून त्याच्या पोटावर घट्ट वळ पडला होता. बाई हुशार. त्यांनी तो वळ पाहिला, मग स्वतःच्या छातीवरचा बेल्ट पाहिला. बंटी पाहत होता, मी पाहत होतो. ठेल्यावरची माणसंही पाहत होती. "घरी चला," त्या गुरुजींना म्हणाल्या. "आणि तो कट्टा आणा." त्या दिवशी बारसं त्यांच्याशिवाय झालं.

संध्याकाळी मी कट्टा माझ्या गाडीवर टाकून त्यांच्या घरी नेला. अंगणात रंगवलेल्या खुणा होत्या, दोरी ताणलेली होती. ओसरीवर सिस्टरबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि वर आढ्याला त्यांचा जुना स्प्रिंगचा काटा टांगलेला होता, खाली कापडाची झोळी. त्यांनी मला कट्ट्याचं तोंड सोडायला लावलं. मग गुरुजी ओंजळीनं तांदूळ काढून झोळीत घालत आणि त्या मान वर करून आकडा वाचत, बाळाचा वाचायच्या तसाच, मोठ्यानं. झोळी भरली की बाजूला पोत्यात रिकामी करायची, पुन्हा भरायची. कट्ट्यातून किती काढायचं हे त्यांना माहीत होतं. सरकारी दवाखान्यात जाऊन त्या आधीच वजन करून आल्या होत्या आणि आकडा त्यांना पाठ होता.

काढलेल्या तांदळाचा ढीग वाढत गेला तसे गुरुजी हळू होत गेले. एकदा थांबून म्हणाले, बस झालं. सिस्टरबाई म्हणाल्या, नाही झालं, अजून.

"तुले माहीत होतं," गुरुजी म्हणाले.

"मी नर्स आहो जी."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

सिस्टरबाईंनी काट्यावरची नजर काढली नाही. "सांगाले आली होती दोनदा अंगणात," त्या म्हणाल्या. "तुम्ही चाकाखाली होते."

मी पायऱ्या उतरून दोरीपाशी जाऊन उभा राहिलो. त्या दोघांच्या मध्ये माझी जागा नव्हती. मागे गुरुजींचा आवाज आला, शाळेत कधी ऐकला नव्हता असा. "साऱ्या पोट्ट्यांले मी अंदाजे म्हटलं म्हणून झापलं," ते म्हणत होते, "आणि तुह्यं वजन अंदाजे टाकलं. लगन झालं तवाचं टाकलं मी." त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही.

सिस्टरबाईंना नागपूरला नेलं. पोटात गाठ निघाली आणि ती जुनी होती. गुरुजी परत आल्यावर दुकानात आले, कॅलेंडरपाशी उभे राहिले. डॉक्टर काय म्हणाले, मी विचारलं. "अंदाजे सहा महिने म्हणाला," ते म्हणाले. मग कॅलेंडरचं पान सरळ करत म्हणाले, "मी त्याले काहीच बोललो नाही."

त्या काळात ते नेमानं येत राहिले, कारण सिस्टरबाई नागपूरच्या वाऱ्यांमधून वेळ काढून बारशांना जातच होत्या, उलट जास्तच. दर वेळी गुरुजी कट्टा स्वतः आणत, आणि दर वेळी तो आधीपेक्षा बसका असे. माप बाईंनीच घेतलेलं असे. मी बोल्ट फिरवून चाकं त्या वजनाला जुळवायचो. कट्ट्याच्या तोंडाची गाठ खाली खाली सरकत गेली आणि वरचं रिकामं पोतं दुमडून खोचायची वेळ आली. टायर मात्र सुंदर झिजत होते, चारही, या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखे. गुरुजी तळवा फिरवून बघत आणि मान फिरवत. आता कोणी काही म्हणत नव्हतं, पण लाज त्यांच्या चेहऱ्यावरून गेली नाही. फक्त ती आता गाडीची राहिली नव्हती. एकदा ते मला म्हणाले, "गाडीच्या लाजेनं मी गल्ल्यांनी फिरत होतो, दिनेश. अन् जिच्याकडे पाहायचं तिच्याकडे पाहिलंच नाही. ही लाज कोणत्या गल्लीनं न्यावी?"

बंटी तेव्हा एकदा आला आणि गुरुजींच्या पाया पडला. गुरुजींनी त्याला उठवलं आणि त्याच्या टायरची आतली कड दाखवून बदलून घे म्हणून सांगितलं. त्यानं त्याच दिवशी बदलून घेतले.

सिस्टरबाई भाताची कापणी सुरू व्हायच्या आत गेल्या. दरेकसाकडून एवढी माणसं आली की अंगणात मावली नाहीत. गुरुजींची ताणलेली दोरी कोणीतरी सोडून गुंडाळून ठेवली होती. तिरडी उचलताना खांदेकऱ्यांना काहीच जड गेलं नाही, हे मला दिसलं आणि गुरुजींनाही दिसलं असणार.

मला वाटलं आता गाडी वर घ्यायला येतील. मी जुन्या स्प्रिंगा जपून ठेवल्या होत्या, पुसून काढून ठेवल्या. ते आले महिन्याभरानं, आणि मागच्या गल्लीनं नाही, बाजारातून, सरळ रस्त्यानं. काचा खाली. दुकानासमोर गाडी लावून उतरले आणि चारही चाकांच्या फटीत बोटं घालून आले. मी स्प्रिंगा दाखवल्या, आजच वर घेतो म्हणालो.

"कायले?" गुरुजी म्हणाले. "ही गाडी तिच्या वजनावर बसवली आहे. वजन काढलं तं टायर खाईल."

तेव्हा मी आत पाहिलं. डाव्या सीटवर कट्टा होता, शेवटच्या मापाचा, जेमतेम मांडीवर घेण्याएवढा. त्याला बेल्ट लावलेला होता. तांदूळ जुना होतो, किडे लागतील, असं काहीतरी मी बोललो. त्यांनी सांगितलं की दर पंधरवड्याला त्यातलाच काढून शिजवतात आणि तेवढा नवा भरतात, मोजून, तिच्याच काट्यावर. हवा तपासून घेतली, चहा नको म्हणाले आणि निघाले.

आमच्या दुकानापुढं थोड्या अंतरावर एक उंच गतिरोधक आहे. खाली बसलेल्या गाडीनं तो सरळ ओलांडायचा नसतो, तिरप्यानं, एकेक चाक करून ओलांडायचा, हे मीच त्यांना शिकवलं होतं. ठेल्यावरची माणसं बघत होती. गुरुजींनी गाडी तिरपी केली, पुढचं चाक चढवलं, आणि गाडी हलली तसा त्यांचा डावा हात स्टिअरिंगवरून निघून बाजूच्या कट्ट्यापुढे आडवा गेला. मागचं चाक उतरेपर्यंत त्यांनी तो तिथंच धरून ठेवला.